चौथ्या पाळण्याचा श्वास

सात नंबरचा पाळणा रिकामा होता, आणि तरी त्यातली गादी श्वास घेत होती.

गावडे सिस्टरांनी तिच्यावर चादरीची दुहेरी घडी टाकून पाहिली. तर चादरसुद्धा हलायला लागली. जरा वर, मग सावकाश खाली, पुन्हा वर. गाढ झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी.

"सानिका, एवढी ही बंद कर बाई," सिस्टर म्हणाल्या. "काचेतून बघणारी प्रत्येक आई इथं आली की थबकती. मलाच धड बघवंना झालंय."

सानिका धुमाळ दारातच उभी होती. तिचं काम पाळण्यांशी नव्हतं, पाळण्यांना जोडलेल्या यंत्रांशी होतं. बाळांकडे फार बघायचं नाही असा तिनं नियम करून घेतला होता, आणि तो ती रोज मोडायची.

"सातच्या करिश्मानं अजून पट्टा काढला नाही का?"

"लेकरू मातीत ठेवून घरी गेली, ती तशीच पट्ट्यासकट निजली म्हणं. सासूला सांगवंना, नवऱ्याला बोलवंना. शेवटी मघाशी मीच फोन केला. म्हटलं, बये, दुपारच्या लाँचला पट्टा दे पाठवून, दुसरी पोरगी थांबलीय त्याच्यासाठी."

"काय म्हणाली?"

"हं म्हणाली. नुसतं हं."

धरणाच्या जलाशयाकाठी असलेल्या या छोट्या रुग्णालयात दिवस न भरलेली बाळं ठेवत. अशा बाळाची एक मोठी पंचाईत असते. त्याला श्वास घेता येत नाही असं नाही, ते श्वास घ्यायला विसरतं. आपल्या मेंदूचा जो भाग न सांगता, न थकता श्वास चालू ठेवतो, तो त्याच्यात अजून कच्चा असतो. आईनं उघड्या छातीवर धरलं, की तिच्या छातीच्या हलण्यानं त्याला आठवण राहते. हे औषध जुनंच. पण इथल्या आया पाण्यापलीकडच्या गावांतल्या. कुणाचं थोरलं पोर घरी, कुणाचे टाके पिकलेले, आणि रुग्णालयात आयांसाठी खाटा मोजक्या. म्हणून 'पाळणादोरी' आली. आईनं घरी छातीला एक मऊ पट्टा बांधायचा. तो तिचा श्वास टिपतो आणि पाण्यावरून इकडे पाठवतो. इकडे बाळाखालची गादी त्याच तालात उचलते आणि बसते. आई तिकडं भाकरी थापत असते, आणि तिचं बाळ इथं तिच्या छातीवर असतं. पट्ट्यावर एक बारीकसा हिरवा दिवा असे. पलीकडे गादी श्वास घेत असेल, तरच तो लागायचा. आयांचा सगळा जीव त्या दिव्यात.

आधी ठरावीक चालीनं हलणाऱ्या गाद्याही करून पाहिल्या होत्या. बाळ त्यांना सरावतं आणि पुन्हा विसरायला लागतं. जिवंत श्वासात बारीकसारीक कमी-जास्त असतं, मधेच एखादा सुस्कारा असतो, त्यानंच तो कच्चा मेंदू जागा राहतो. पण मग तो श्वास वेळच्या वेळी पोचायला हवा. एक लाट उशिरा आली आणि दुसरी तिच्या पाठोपाठ आदळली, तर बाळ गोंधळतं. मग गादी नसलेली बरी.

सानिकाची सगळी करामत इथंच होती. पट्ट्यातून श्वासाचा तुकडा निघतो तो एक चिमुकलं पाकीट होऊन. साध्या संगणकात असं पाकीट नेटवर्क कार्डाच्या दारातून आत येतं, कर्नलमधून म्हणजे यंत्राच्या गाभ्यातून वर चढतं, कुठल्याशा प्रोग्रामच्या टेबलावर जाऊन बसतं आणि मग जिन्यानं पुन्हा खाली उतरून दुसऱ्या दारानं बाहेर पडतं. सरकारी कचेरीत अर्ज फिरतो तसं. गर्दी झाली की खोळंबा. म्हणून सानिकानं गाभ्यातच, अगदी दाराच्या आत, एक छोटा प्रोग्राम बसवला होता. पाकीट उंबऱ्यावर आलं की तो त्याच्या कपाळावरचा पट्ट्याचा नंबर वाचतो, शेजारच्या मॅपमध्ये बघतो आणि तिथूनच पाकीट वळवतो. मॅप म्हणजे नुसत्या जोड्या. चार नंबरचा पट्टा, चार नंबरच्या पाळण्याचं दार. सात नंबरचा पट्टा, सातचं दार. पाकीट आत येतच नाही. कुठं थांबत नाही, कुठं साठत नाही. असा प्रोग्राम गाभ्यात शिरण्याआधी कर्नल त्याची कसून झडती घेतो. हा कुठं अडकून तर बसणार नाही ना, दुसऱ्याच्या जागेला हात तर लावणार नाही ना. झडतीत पास झाला, तरच आत. सानिकाचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात पास झाला होता. मॅपमधल्या जोड्या खऱ्या आहेत का, हे मात्र ती झडती कधीच विचारत नाही.

सानिकानं शेजारच्या खोलीत जाऊन सातची ओळ पुसली. काचेपलीकडे चादर अर्धवट उचललेली होती. ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

"सुटली बिचारी," गावडे सिस्टर पुटपुटल्या आणि चादरीच्या कडा खोचायला लागल्या.

तेवढ्यात सानिकाचा फोन वाजला. प्रतीक्षा. सानिकाची नणंद, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची मुलगी चार नंबरच्या पाळण्यात होती, सगळ्यांत लहान, ओंजळीत मावेल एवढी. प्रतीक्षाचे टाके पिकल्यानं ती घरीच होती, आणि सानिकाचा दहा महिन्यांचा आरोह दिवसभर तिच्याजवळ. दोघींची तशी वाटणीच झाली होती. तुझं पोर माझ्याकडे, माझं तुझ्याकडे.

"वहिनी, माझा दिवा गेला."

"कसला दिवा?"

"पट्ट्यावरचा गं. आत्ता, बघता बघता. ती बरी आहे ना?"

सानिका काचेशी आली. चार नंबरची गादी शांतपणे हलत होती. तिच्यावरची ती एवढीशी पोर मूठ तोंडाशी घेऊन झोपली होती.

"मस्त झोपलीय. गादी हलतेय. आरोहनं वायर चावली असेल बघ. काल माझी चप्पल खात होता."

"त्याला हात लावू दिलेला नाही मी. बॅटरी पण भरलेली आहे."

"बरं, एक मिनिट पट्टा काढून परत बांध."

"काढला," प्रतीक्षा म्हणाली.

चार नंबरची गादी हलत राहिली.

पलीकडे पट्टा प्रतीक्षाच्या हातात होता, आणि इथं तिच्या मुलीखाली कुणीतरी श्वास घेत होतं. शांत, लांब, मधेच एक सुस्कारा.

"प्रतीक्षा, पट्टा खोळीतून बाहेर काढ. आतल्या बाजूला नंबर आहे. काय लिहिलंय?"

पट्टा अंगाला काचू नये म्हणून प्रत्येक घरानं त्याला आपापली खोळ शिवली होती. प्रतीक्षाच्या खोळीवर तिच्या आईनं पोपट काढले होते. नंबर खोळीच्या आत. बाहेरून सगळ्यांना दिसायचे ते पोपट.

फोनवर खोळ ओढल्याची खसखस, मागं आरोहची बडबड.

"प्रतीक्षा?"

"सात आहे," ती म्हणाली. "वहिनी, चिडू नकोस. सातचा पट्टा गुणाचा आहे गं. त्याच्यावरची सगळी बाळं सुखरूप घरी गेली. व्हरांड्यात बायका मागून घेतात एकमेकींकडून. करिश्माला तो मिळाला होता. मी नुसतं म्हटलं, नशीबवान आहेस बाई. तर तिनं तिथंच काढून दिला मला. म्हणाली, तुझी पोर माझ्या पोराच्या निम्मी हाय, तूच घाल."

"आणि तिनं काय घातलं?"

"माझा. चारचा. आम्ही खोळी तेवढ्या आपापल्या ठेवल्या."

"कधी हे?"

"पट्टे मिळाले त्या पहिल्याच सोमवारी. अगं, पण मशीनला माणूस कळतं ना? फोनला नाही का चेहरा कळत?"

सानिका चिडली होतीच. रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? आरोह झाला तेव्हा त्याचं पहिलं अंगडं नवं शिवलं नव्हतं. चार पोरं हसतखेळत वाढलेल्या घरातून जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं अंगडं मागून आणतात, तसं तिनं स्वतः वरच्या आळीतल्या काकूंकडून आणलं होतं. बायकांनी पट्ट्याचं तेच केलं. त्यांच्या लेखी पट्टा म्हणजे अंगडंच. गाभ्यातल्या मॅपला मात्र बाई माहीतच नव्हती, त्याला फक्त पट्टा माहीत होता. सिस्टरांनी पहिल्या दिवशी पट्ट्यापुढे पाळण्याचा नंबर सांगितला, सानिकानं तो घातला, आणि तेव्हापासून तिचा निर्दोष प्रोग्राम एकीचा श्वास दुसरीच्या बाळाला पोचवत राहिला होता.

म्हणजे प्रतीक्षाच्या मुलीखाली आहे ती करिश्मा.

आणि करिश्माला मघाशी सांगितलंय, पट्टा काढ.

"सिस्टर," सानिका ओरडली नाही, पण तिच्या आवाजानं सिस्टरांनी चादर सोडली. "करिश्माला फोन लावा. आधी लावा. म्हणावं, पट्टा काढू नकोस."

"का गं? आता काय..."

सिस्टरांचा हात खिशात गेला, तोवर चार नंबरची गादी उचलली, खाली आली आणि तिथंच राहिली.

काही क्षण काहीच झालं नाही. पोरीनं गादीशिवायच एक श्वास घेतला, मग आणखी एक, उथळसा. मग ती थांबली. तोंडाशी धरलेली मूठ हळूहळू उघडली. पाळण्याची घंटा वाजायला लागली.

डॉक्टर मुजावर धावत आले नाहीत, पण आल्या आल्या त्यांनी पाळण्याच्या काचेतल्या झरोक्यांतून हात आत घातले. फार हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी बोटानं पोरीच्या तळव्याला टिचकी मारली. एक, दोन. तिनं दचकून श्वास घेतला. ओठांभोवतीची निळसर छटा जरा फिकी पडली.

"गादी का बंद आहे?"

सानिकानं दोन वाक्यांत सांगितलं. ते ऐकत असतानाच पोर पुन्हा थांबली आणि डॉक्टरांनी पुन्हा टिचकी मारली.

"खरी आई फोनवर आहे ना? मग तिची दोरी इकडे वळवा."

सानिका खुर्चीवर बसलीही नाही. उभ्यानंच तिनं सातची ओळ परत घातली, आणि पुढच्या खान्यात सातऐवजी चार लिहिलं. "प्रतीक्षा, बांध पट्टा."

"लागला! वहिनी, दिवा लागला!"

गादी उचलली. आणि लगेच खाली. लगेच वर. धावून आलेल्या माणसाच्या छातीसारखी, दचकत, अडखळत. पट्टा खोटं बोलत नव्हता. पलीकडे प्रतीक्षाला सगळं कळलं होतं, आणि तिची छाती तशीच धडधडत होती. त्या हिसक्यांवर ती एवढीशी पोर होडीसारखी हिंदकळली. श्वास घ्यायला तिनं तोंड उघडलं तेव्हा गादी खाली होती, सोडायला गेली तेव्हा वर.

"प्रतीक्षा, हळू. हळू श्वास घे."

"घेतेय ना! ती कशी आहे सांग आधी. सांग ना."

"हा नको," डॉक्टर म्हणाले. "बंद करा हा."

सानिकाचं बोट थबकलं. फोन अजून कानाशी होता.

"बंद करा म्हटलं ना?"

तिनं ओळ पुसली. पलीकडे दिवा गेलेला प्रतीक्षानं पाहिला असणार. तिचा एक हुंदका आला, मग ती म्हणाली, "तूच काढलास ना?"

"हो," सानिका म्हणाली. "तुझा श्वास आत्ता तिला झेपत नाहीये. मी फोन ठेवते."

डॉक्टरांनी बारीक मुखवटा लावून रबरी फुगा बोटांनी दाबायला सुरुवात केली होती. "तिला त्या एका चालीची सवय झालीय," ते मान वर न करता म्हणाले. "पहिल्या सोमवारपासून तीच बाई आहे ना तिच्याखाली? कालचं, परवाचं काही साठवलेलं आहे? तेच लावू."

"काही साठत नाही, सर. पाकीट दारातच वळतं." हीच गोष्ट तिनं पाहुण्यांना कितीदा अभिमानानं सांगितली होती. आईचा श्वास कुठल्याही कपाटात जात नाही, म्हणून.

"मग ती बाई हवी. मी असा किती वेळ धरू शकेन सांगता येत नाही. शेवटी घशातून नळी घालावी लागेल, आणि एवढ्याशा फुप्फुसांना नळी म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

सिस्टरांनी फोन लावून सानिकापुढे धरला, आणि हात फोनवर दाबून तिच्या कानाशी आल्या. "हे बघ, खरं सांगू नगंस. आपला श्वास आपल्या पोराला पोचलाच न्हाय, हे ऐकून ती बाई जगंल का? म्हणावं, बॅटरी तपासायचीय, घाल जरा वेळ. बास."

घंटा वाजतच होती. सानिकाला जाणवलं, आपला पान्हा फुटलाय. अंगाला घट्ट चिकटलेला ब्लाऊज ओला होत होता. आरोह पाण्यापलीकडे होता, आणि तिच्या शरीराला एवढंच कळत होतं, की कुठलंतरी बाळ अडचणीत आहे.

"ताई?" फोनवर करिश्मा होती. आवाज कोरडा. "काढलाय पट्टा. घडी करून ठेवलाय. खोळ तेवढी देत न्हाय, ती आमच्या आजीच्या लुगड्याची हाय."

"करिश्मा, तो परत बांध. लगेच."

"कशाला? दुसरीला द्यायचाय म्हणल्या की सिस्टर."

"जरा बॅटरी..." सानिकानं सुरुवात केली.

"ताई, एक इचारू?" करिश्मा म्हणाली. "दिवा हिरवा का व्हता? त्यो गेल्यावर पण? मी कुणाला बोलले न्हाय, येडी झाली म्हणतील. मला वाटलं, कुठंतरी घेतोय. म्हणून म्या काढला न्हाय."

सिस्टरांनी तोंड फिरवलं.

खोटं आता जिभेवर आलेलंच होतं, आणि ते सोपं होतं. पण या बाईनं काही क्षणांपुरता पट्टा बांधून भागणार नव्हतं. ती पोर मोठी होईपर्यंत, रोज, भाकरी करताना, पाणी भरताना, झोपताना तिनं तो घालायला हवा होता. आणि ज्या प्रश्नाला ती दिवस-दिवस छातीशी बांधून बसली होती, त्याला बॅटरी हे उत्तर देणं सानिकाला जमेना.

"तो घेत नव्हता, करिश्मा. प्रतीक्षाची मुलगी घेत होती. तुम्ही पट्टे बदललेत तेव्हापासून तुझा श्वास तिच्या पाळण्यात येतोय. मला आत्ता कळलं. तू पट्टा काढलास आणि ती थांबली. डॉक्टर तिला हातानं चालवतायत."

पलीकडे एक कोंबडी ओरडली. कुणा म्हातारीनं विचारलं, कुणाचा गं फोन.

"मग माझ्या पोराखाली कोण व्हतं?"

"प्रतीक्षा."

"शेवटपतुर?"

"हो." सानिकाला राहवलं नाही. "डॉक्टर म्हणतात, त्याच्या रक्तातच जंतू गेले होते. गादीचा काही..."

"ते नगं सांगू." मग म्हणाली, "नीट घेत व्हती का ती? का आपली घरात हिकडं-तिकडं करत?"

डॉक्टरांनी सानिकाकडे पाहिलं. त्यांची बोटं फुगा दाबत होती, सोडत होती.

"मी रोज बघायचे ती गादी," सानिका म्हणाली. "तुझीच समजून बघायचे. टाके दुखायचे म्हणून ती पडूनच असायची. शांत घ्यायची. दुपारी झोपली की फार लांब, सावकाश. तोही तेव्हा झोपायचा."

फोन बंद झाला.

सिस्टर म्हणाल्या, "घालवलंस." रागानं नाही, थकून.

सानिका संगणकाच्या पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. चारच्या पट्ट्यासमोरचा, आलेल्या पाकिटांचा आकडा मघापासून जिथं होता तिथंच होता. डॉक्टर नळीचं साहित्य मागवतायत हे तिला मागून ऐकू आलं. झाकण उघडल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आपण एका बाईचा जीव खऱ्यासाठी पिळला आणि दुसरीचं लेकरू त्यात घालवलं. प्रतीक्षाला काय सांगायचं? आणि घरी सासूबाईंना?

मग आकडा हलला.

"आली," ती म्हणाली. "सर, आली ती."

गादी उचलली आणि मधेच थरथरली. तुटक, ओली, आचके देणारी लाट. करिश्मा रडत होती. मूल मातीत ठेवतानाही ती रडली नव्हती, असं तिची सासू नंतर सांगणार होती. आत्ता, त्या पट्ट्यात, ती रडत होती, आणि चार नंबरची गादी तिचा प्रत्येक हुंदका जसाच्या तसा उचलत होती.

"अशी नाही ठेवायची," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, तिला जरा अधांतरी धरा."

गावडे सिस्टरांनी दोन्ही तळवे पोरीखाली घातले आणि तिला गादीपासून बोटभर वर उचलून धरलं. खाली गादी रडत राहिली. डॉक्टरांचा फुगा चालू राहिला. खिडकीतून लाँचचा भोंगा ऐकू आला, कुणी वळून पाहिलं नाही. सिस्टरांचे हात भरून आले, पण त्यांनी कुणाला पुढे येऊ दिलं नाही.

हुंदक्यांमधली अंतरं वाढली. मग एक खूप लांब श्वास आला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकल्यासारखा. त्यानंतरचा जरा साधा. त्यानंतरचा आणखी साधा.

"टेकवा," डॉक्टर म्हणाले.

पोर गादीवर आली. गादी वर गेली, ती वर गेली. खाली आली, तीही आली. डॉक्टरांनी फुगा दाबायचा थांबवला, पण मुखवटा हातातच ठेवला. गादी पुन्हा उचलली, आणि या खेपेला पोरीची एवढीशी छाती तिच्याबरोबर स्वतःहून उचलली. तिच्या ओळखीचं कुणीतरी परत आलं होतं. बोटं पुन्हा मिटली.

घंटा थांबली तेव्हा सगळ्यांना कळलं, की ती इतका वेळ वाजत होती.

दुपारच्या लाँचनं प्रतीक्षा आली. टाक्यांवर एक हात दाबलेला, दुसऱ्या हातानं कडेवरचा आरोह, खांद्यावर पोपटांची खोळ. ती सरळ काचेशी गेली, मुलगी हलताना पाहिली, आणि मग सानिकाकडे वळली.

"आता माझी दोरी लाव."

"नाही."

"वहिनी, मी आई आहे तिची."

"माहीत आहे. मी परत तो खेळ करणार नाही."

"तुझं पोर दिवसभर माझ्या कडेवर असतं," प्रतीक्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "मी कधी म्हटलं का, हे माझं नाही म्हणून? आणि तू माझीच दोरी तोडलीस. फोनवर, मी ऐकत असताना."

सानिकानं आरोहला घेतलं. त्यानं लगेच तिच्या मानेत तोंड खुपसलं. सांगण्यासारखं होतं, पण प्रतीक्षाचं खोटं नव्हतं.

गावडे सिस्टर मधे आल्या. "करिश्माचा परत फोन आला हुता. म्हणाली, ती पोर घरी जाईस्तवर पट्टा ठेवते. मातर मला भेटायला कुणी येऊ नगा. आभार-बिभार नगंत म्हणाली."

प्रतीक्षा ऐकत राहिली. मग खोळीवरच्या पोपटांकडे बघत म्हणाली, "मीच म्हटलं होतं तिला नशीबवान. मी म्हटलं नसतं तर तिनं दिला नसता."

सिस्टरांनी तिला स्टूल आणून दिलं, ती त्यावर टेकली.

"किती दिवस अशी?" शेवटी तिनं विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, एकदम बदल नको," सानिका आरोहला थोपटत म्हणाली. "तिला कळता कामा नये. तुझा श्वास करिश्मासारखा झाला, की एक दिवस ती झोपेत असताना मी मॅपमधली ओळ बदलीन. पाकिटाला काय, कुठल्याही दारानं वळेल. तुलाच शिकावं लागेल."

"श्वास घ्यायला?"

"हो."

प्रतीक्षा हसली नाही, पण चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. तिनं हात धुतले, पाळण्याचा झरोका उघडला आणि आत हात घालून मुलीच्या पायाशी, गादीच्या कडेवर तळवा टेकवला. गादीनं तो तळवा उचलला. आपण फार भरभर श्वास घेतोय, हे प्रतीक्षाच्याच लक्षात आलं. तिनं श्वास सोडून दिला, पुन्हा गादीला गाठायचा प्रयत्न केला. पुन्हा चुकली. सानिका भिंतीला टेकून आरोहला पाजायला बसली होती आणि नकळत तीही मोजायला लागली होती.

हळूहळू प्रतीक्षाचे खांदे गादीबरोबर वर जायला लागले, गादीबरोबर उतरायला लागले. मग एकदा गादी वर जाऊन तिथंच रेंगाळली. पाण्यापलीकडे कुठल्यातरी ओट्यावर करिश्मा काम करता करता मधेच थांबली असणार. काय आठवलं असेल ते तिलाच ठाऊक. प्रतीक्षाही थांबली. श्वास आत धरून, मुलीच्या छातीकडे बघत. मुलगीही थांबली होती. सानिकाचा हात आपोआप भिंतीवरच्या घंटेच्या बटणाकडे गेला, पण प्रतीक्षानं दुसऱ्या हातानं तिला खूण केली, थांब.

करिश्मानं सुस्कारा सोडला. गादी खाली आली, आणि तिच्याबरोबर मायलेकी दोघीही.